पहिली सोलो: इंजिन बंद पडलं तर खानदेशात उतरायचं कुठे?

नवा_पंख: मार्चमध्ये पहिली सोलो क्रॉस-कंट्री आहे, म्हणजे एकट्याने लांब पल्ल्याचं उड्डाण. शिरपूर, चोपडा, यावल, पुढे जळगाव. विमान सेसना १७२. इंजिन गेलं तर काय करायचं ते पाठ आहे, पण वरून सगळी शेतं सारखीच दिसतात. मी पुण्याचा, शेतीतलं काही कळत नाही. कुठलं शेत निवडू? तापीचं पात्र चालेल का?

जुना_इन्स्ट्रक्टर: आधी ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत उतरायचा वेग धरा. मॉडेलप्रमाणे ६५ ते ६८ नॉट. वारा नसेल तर १००० फुटांमागे साधारण पावणेतीन किलोमीटर मिळतात. मात्र जळगावकडची जमीनच समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या वर आहे, ती अल्टिमीटरच्या (उंचीमापकाच्या) आकड्यातून वजा करायला मुलं विसरतात. सातपुड्याकडे सरकू नका, दक्षिणेला राहा. उतरताना इंधन आणि मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) बंद, दारं किलकिली. मास्टर (विजेचा मुख्य स्विच) मात्र शेवटी, कारण फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, विजेवर चालतात.

रावेरचा_केळीवाला: भाऊ, मी विमानात कधी बसलो नाही, पण वावराचं सांगतो. केळीची बाग वरून हिरव्या गादीसारखी दिसत असेल, तिच्या नादी लागू नका. माणसापेक्षा उंच खोडं, त्यात घडाला लावलेले बांबूचे टेकू. दादर (रब्बी ज्वारी) उभी असेल तर तीही नको. कपाशी काढली म्हणतात, पण पऱ्हाट्या, म्हणजे तिची वाळलेली झाडं, तशाच उभ्या असतात. गहू किंवा हरभरा काढलेलं वावर बघा, पिवळट, सपाट. ताजी नांगरट काळी दिसते, तिथे ढेकळं असतात, चाक अडकलं की कोलांटीच. तिथेच उतरायची वेळ आली तर तासाच्या, म्हणजे नांगराच्या सरीच्या लांबीत उतरा, आडवं नाही.

आणि विहिरी! आमच्याकडे कित्येक विहिरींना कठडाच नसतो. वावरात मध्येच एकटं झाड आणि जवळ डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) दिसली, तर तिथे विहीर धरूनच चाला. तापीत वाळू उपशाचे खड्डे आणि काठाला घळी, ते तर नकोच.

जुना_इन्स्ट्रक्टर: डीपीवरून आठवलं, तारा वरून दिसत नाहीत. खांब शोधा, दोन खांबांमध्ये तार आहेच असं समजा. रस्त्याकडेला तर बहुधा तारा असतातच, म्हणून रिकामा रस्ता मला शेतापेक्षा धोक्याचा वाटतो.

ढगातला: टेकऑफनंतर लगेच बंद पडलं तर धावपट्टीवर परत वळायचं ना?

जुना_इन्स्ट्रक्टर: ५०० फुटांवर अजिबात नाही. नाक खाली, समोर डावी-उजवीकडे जे बरं दिसेल ते. घाईच्या तीव्र वळणात स्टॉल होऊन (पंखांची उचल जाऊन) माणसं गेली आहेत. किती उंचीवरून परत फिरता येईल, ते तुमच्या इन्स्ट्रक्टरबरोबर वर जाऊन करून बघा, इथे आकडा मागू नका.

नवा_पंख: विहिरीचं डोक्यातच नव्हतं. रविवारी सरांबरोबर ड्युअल (दोघांचं उड्डाण) आहे, तेव्हा डीपी मोजत जातो.

रावेरचा_केळीवाला: मोजा. पण मार्चअखेर गव्हाची वावरंही नांगरायला घेतात, सोलो लांबली तर पुन्हा एकदा बघून घ्या.