स्लज मेटलला मराठीत काय म्हणाल?

बांगडेवाला, देवगड
एका दिवाळी अंकासाठी मॅस्टोडॉनच्या ‘लेव्हायथन’ या २००४च्या अल्बमवर लेख लिहितोय. अटलांटाच्या चौघांचा हेवी मेटल (जड, कर्णकर्कश रॉक) वाजवणारा बँड, आणि अल्बम ‘मोबी-डिक’ या १८५१च्या कादंबरीवर सैलसर बेतलेला. त्यात स्लज (म्हणजे जड, चिकट आवाजाचं मेटल) आहे, थ्रॅश (म्हणजे सुसाट मेटल) आहे, प्रोग्रेसिव्ह (लांबलचक, गुंतागुंतीचं) रॉक आहे आणि हार्डकोर पंकची आरडाओरड आहे. संपादकबाईंनी माझं ‘स्लज मेटल’ खोडून ‘गाळप्रधान धातुसंगीत’ केलंय. बाबांनी वाचून विचारलं, भांड्यांचं दुकान काढतोयस का? चांगला शब्द सुचवा.

वाशिष्ठीकाठ
गाळ नको. जुलै २०२१च्या पुरानंतर चिपळुणात दुसरा शब्दच ऐकू येईनासा झाला. गाळ काढा, गाळ कुठे टाकला, गाळ उपशाचं पुढे काय झालं! गाळ म्हटलं की आम्हाला उपोषणाचा मांडव दिसतो. शिवाय गाळ तळाशी बसून असतो, कोणाच्या वाटेला जात नाही. आमच्या दुकानात फळ्यांवर चढून बसला होता तो रेंदा. धुतला तरी बोटांना बुळबुळीत लागायचा. या गाण्यांतली गिटार तशीच वाजते. रेंदा मेटल म्हणा.

गजालीकार
आमच्याकडे तेका रेंदो म्हणतत, आणि रेंदो गटाराचो. खाडयेत कालवां काढूक गेलास की ढोपरापर्यंत रुततस, तो चिकल. बऱ्या म्युझिकाक गटारात कित्याक घालतास?

घाटावरचा
कोल्हापूरकडं पावसात रस्त्याची ‘राड’ होते. चिखलात लोळवून हाणामारी केली की ‘राडा’, त्यातूनच आला असणार. राडा मेटल! चिखल पण आला, मारामारी पण आली. स्टेजपुढं पोरं काय करतात ते बघितलंय का?

कोशवाचक
‘असणार’वर व्युत्पत्ती चालत नाही. राड आणि राडा कानाला सारखे लागतात एवढाच तुमचा पुरावा. आणि मुळात मराठीकरण हवंच कशाला? ब्लूजला कोणी ‘निळे संगीत’ म्हटलेलं नाही. हार्मोनियमला आपण पेटी म्हणतो, पण तो शब्द वाजवणाऱ्यांनी रुळवला, कोणा संपादकाने बसून घडवला नाही. ही गाणी वाजवणारी मराठी मुलं स्लजच म्हणत असतील, तर तोच मराठी शब्द.

वाशिष्ठीकाठ
म्हणजे आमच्याकडे नेमका शब्द असून तो वापरायचा नाही? उद्या बांगड्याला मॅकरेल म्हणायला सांगाल.

संथलय
आधी ऐकता का जरा? स्लज हे नाव आवाजाच्या पोताबद्दल आहे. ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा जडपणा आणि हार्डकोर पंकचा संताप एकत्र आले. ब्लॅक फ्लॅग या पंक बँडने १९८४च्या ‘माय वॉर’ या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला लय एकदम खाली आणली. तिकडे मेल्विन्स हा बँड त्याच वाटेने गेला, मग न्यू ऑर्लिन्सचे आयहेटगॉड आणि क्रोबार हे बँड आले. नाव तिथल्या दलदलीवरून पडलं असं लोक ठोकून देतात, पण मेल्विन्स वॉशिंग्टन राज्यातले. तिथे दलदलीपेक्षा पाऊस जास्त. गिटारी खालच्या सुरात लावतात, तारा सैल पडतात, त्यावर भरपूर डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेला आवाज. तो घट्टपणा शब्दात यायला हवा.
आणि दुसरं म्हणजे ‘लेव्हायथन’ला नुसतं स्लज म्हणणंच अर्धवट. त्यातल्या ‘ब्लड अँड थंडर’ गाण्याचा वेग बघा. ‘हार्ट्स अलाइव्ह’ तेरा मिनिटांच्या वर चालतं, सरळ प्रोग्रेसिव्ह वळणाचं. रेंदा असा पळत नाही.

वाशिष्ठीकाठ
पळतो. आमच्या बाजारपेठेतून पळत होता.

बांगडेवाला, देवगड
संथलय, मुद्दा पटला. मग ‘स्लज, थ्रॅश आणि प्रोग्रेसिव्ह यांचं मिश्रण’ असं लिहू? बाई म्हणतील तिन्ही शब्द इंग्रजी. ‘मोबी-डिक’मधली देवमाशाच्या मागे लागलेल्या कप्तानाची गोष्ट मात्र त्यांना आवडली.

कोशवाचक
देवमासा? तो मासा नाही, सस्तन प्राणी आहे. व्हेल लिहा.

गजालीकार
गणपतीपुळ्याक २०२३ साली पिल्लू किनाऱ्याक लागला, तेव्हा आमच्या घरात सगळी देवमासोच म्हणत होती. आता काय दूध पिता काय म्हणान इचारून नाव ठेवचा? आणि सायेब, स्लज मराठी, व्हेल मराठी, मग तुमच्या कोशात उरला काय?

कोशवाचक
लेव्हायथन म्हणजे बायबलमधला समुद्री राक्षस. त्याला ‘तिमिंगिल’ चपखल बसेल. तिमि नावाच्या महामाशालाही गिळणारा तो तिमिंगिल.

संथलय
संस्कृतात त्यालाही गिळणारा ‘तिमिंगिलगिल’ आहे. बँडला नाव म्हणून घ्यायला हरकत नाही.

घाटावरचा
रेंदा चालत नाही, गाळ चालत नाही, आणि तिमिंगिल चालतो? गावात कोण म्हणतं तिमिंगिल?

बांगडेवाला, देवगड
मंडळी, उद्या संध्याकाळपर्यंत लेख द्यायचाय. गाळ की रेंदा, एवढंच सांगा.

गजालीकार
कालवांचो सीझन सुरू झालो काय रे देवगडात?

घाटावरचा
राड स्त्रीलिंगी, राडा पुल्लिंगी. गाडी-गाडा चालतं, माडी-माडा चालत नाही, हे मला माहीत आहे. पण संबंध नाहीच असं कोशवाचक कशावरून म्हणतात ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.