डीसीएसमधली पी-५१डी : चढाईत इंजिन बसतं, चुकतंय कुठे?

ढगफोड
डीसीएस या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये पी-५१डी मस्टँग उडवतोय. टेकऑफ ६१ इंच (मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब), ३००० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे). चाकं आत घेतल्यावर थ्रॉटल आणि आरपीएमचे लिव्हर तसेच ठेवून ताशी १४० मैलांनी सरळ १५,००० फुटांकडे चढाई. वाटेतच मागे पांढरा धूर निघायला लागतो, थोड्या वेळात इंजिन खडखडतं आणि बंद पडतं. ६१ इंचांना १५ मिनिटांची मुभा आहे आणि हे सगळं त्याच्या बरंच आत घडतं. कूलंट आणि ऑइल, दोन्ही रेडिएटरचे स्विच ऑटोमॅटिकवर आहेत. इल-२ या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये वेळ सांभाळली की भागतं, मग इथे काय वेगळं आहे?

मर्लिनवाला
तो धूर नाही, वाफ आहे. कूलंट १२१ अंश सेल्सियसच्या लाल रेषेपुढे गेलं की दाबाची झडप उघडते आणि ३० टक्के ग्लायकॉल, ७० टक्के पाणी असं ते मिश्रण बाहेर फेकलं जातं. गेलेलं कूलंट परत येत नाही. त्यामुळे वाफ दिसल्यावर थ्रॉटल ओढून इंजिन वाचत नाही. जवळची धावपट्टी गाठण्यापुरता वेळ तेवढा मिळतो.

मूळ चूक वेगाची आहे. मस्टँगचा रेडिएटर पोटाखाली आहे आणि त्यातून जाणारी हवा वेगावरच अवलंबून. १४० ला नाक वर, हवा कमी आणि उष्णता मात्र पूर्ण ताकदीची. ऑटोमॅटिक म्हणजे मागची झडप आपोआप उघडते-मिटते, इतकंच. ती पूर्ण उघडल्यावर तिच्या हातात आणखी काही उरत नाही.

असं करून बघा: चाकं आत, अडथळे पार झाले की लगेच ४६ इंच, २७०० आरपीएम. नाक खाली ठेवून आधी वेग १७० होऊ द्या आणि चढाईभर तो १७० च्या खाली जाऊ देऊ नका. कूलंट १०० ते ११० मध्ये राहिलं पाहिजे. ११० च्या वर सरकायला लागलं की लाल रेषेची वाट न बघता विमान सपाट करा आणि वेग २०० च्या पुढे न्या, काटा खाली येतो. तेलाचं तापमान ७० ते ८०, कमाल ९०. दाब ७० ते ८० पौंड, ५० च्या खाली कधीच नको.

आणि हो, ४६ / २७०० ला वेळेची मर्यादा नाही. ६१ / ३००० ला १५ मिनिटं, ६७ ला ५. पण ही वरची मर्यादा आहे, हमी नव्हे. इल-२ मध्ये प्रत्येक पॉवरचा वेळ मोजला जातो. डीसीएसमध्ये तापमान मारतं. काटा लाल रेषेपलीकडे गेला तर चौथ्या मिनिटालाही इंजिन जाईल.

पिचकंट्रोल
वरचं सगळं बरोबर. पण पॉवर कमी करताना लिव्हर कोणत्या क्रमाने हलवता तेही तपासा. कमी करताना आधी थ्रॉटल, मग आरपीएम. वाढवताना आधी आरपीएम, मग थ्रॉटल. उलटं केलं तर मॅनिफोल्डचा दाब जास्त आणि फेरे कमी, म्हणजे घाटात टॉप गिअरवर गाडी रेटल्यासारखं. सिलिंडरमधला दाब चढतो, डेटोनेशन होतं (इंधन स्फोटासारखं पेटतं), आणि ते कूलंटच्या काट्यावर आधी कळत नाही.

यासाठी आरपीएमला स्वतंत्र अक्ष हवाच. थ्रॉटलवर स्लायडर किंवा फिरती कळ असेल तर ती द्या. कीबोर्डच्या बटणांनी झटापटीत २७०० वरून ३००० वर वेळेत जाता येत नाही, आणि मग माणूस नुसता थ्रॉटल ढकलतो. सुपरचार्जरचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाचा) स्विच ऑटोवर राहू द्या. साधारण १४,५०० ते १९,५०० फुटांच्या दरम्यान तो वरच्या गिअरवर जातो, तेव्हा धक्का बसतो; तो बिघाड नव्हे.

इलिप्टिकल
स्पिटफायर नववीही (मार्क ९) उडवत असाल तर ताळा सोपा आहे, दोन्ही विमानांत इंजिन मर्लिनच. ब्रिटिश बूस्टची (तोच दाब, पण वातावरणापेक्षा किती पौंड जास्त ते) दुप्पट करून ३० मिळवा, इंच मिळतात. अधिक १८ म्हणजे जवळपास ६७ इंच, अधिक १२ म्हणजे ५४, अधिक ७ म्हणजे ४४. त्यातल्या मर्लिन ६६ ला ३००० / अधिक १८ पाच मिनिटं, चढाईला २८५० / अधिक १२ एक तास, आणि सलग २६५० / अधिक ७. कूलंट लढाईत १३५, चढाईत १२५, सलग १०५.

तिची खरी अडचण जमिनीवर. तेल १५ आणि कूलंट ६० अंश झालं की उड्डाणाला तयार, पण रेडिएटरच्या झडपा ११५ ला उघडतात आणि उभ्या विमानात हवा नाहीच. टॅक्सी लांबवली तर टेकऑफआधीच काटा वर चढलेला असतो. तेव्हा ६० झाले की रेंगाळू नका.

ढगफोड
१७० / ४६ / २७०० वर १५,००० फुटांपर्यंत कूलंट १०५ च्या आसपास स्थिर राहिलं. आभार. आता सूर मारताना काय? थ्रॉटल पूर्ण मागे घ्यायचा का?

मर्लिनवाला
पूर्ण नको. सूर मारण्याआधी आरपीएम २७०० वर आणा, थ्रॉटल कमी करा पण मिटू नका. प्रोपेलरचा गव्हर्नर फेरे धरून ठेवतो, पण वेग फार वाढला की त्याच्याही हाताबाहेर जातं. ३२४० च्या वर कोणत्याही परिस्थितीत नको. बाहेर निघताना आधी आरपीएम ३०००, मग थ्रॉटल. आणि लगेच उभी चढाई सुरू करायची असेल तर कूलंटकडे एक नजर टाका: सुरात थंड झालेलं इंजिन ६७ इंचांवर १२० मैलांत टांगलं की काटा फार झपाट्याने वर जातो.