लहान मुलांसाठी भाजे लेणी
पाच-सहा वर्षांची मुलं भटकंतीत अर्ध्या वाटेत कुरकुर करतात, मग त्यांना न्यायचं कुठे, असा प्रश्न बऱ्याच पालकांना पडतो. माझं मत भाजे लेण्यांना. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, पोरांची निम्मी मजा तिथेच वसूल. पुढे गावापर्यंत साधा रस्ता, मग पायऱ्या. चैत्यगृहाच्या (बौद्ध प्रार्थनागृहाच्या) छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या अजून आहेत, पण त्याचं अप्रूप आपल्यालाच! मुलांना शेजारचे स्तूप मोजायला लावा. आतले पाच नि बाहेरचे नऊ मिळून १४ भरतात, उत्तर आधी फोडू नका. पावसाळ्यात वाटेत खेकडा दिसला की मुक्काम ठरलेलाच. फक्त जुलै-ऑगस्टातले रविवार टाळा, धबधब्यापाशी नुसती जत्रा असते. आणि त्याच दिवशी लोहगडही उरकायचा मोह नको.