दिल्लीत 350 शिक्षकांचं अधिवेशन : भारत मंडपम, यशोभूमी की आणखी काही?

नदीकाठ
नमस्कार मंडळी. आमची विज्ञान शिक्षकांची छोटी संघटना आहे. यंदाचं अधिवेशन दिल्लीत घ्यायचं ठरलंय. 350 जण, दोन दिवस, दिवाळीच्या सुट्टीत म्हणजे साधारण 14 नोव्हेंबरच्या आसपास. विषय आहे पाण्याची बचत, म्हणून जागाही त्याला साजेशी हवी. सभागृह आणि जेवणखाण मिळून 9 लाखांच्या आत बसायला हवं. तारीख हलवता येत नाही, सुट्टी संपली की सराव परीक्षा आणि मग बोर्ड. अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगा.

मांडववाला
अकरा वर्षं हेच काम करतोय, डोळे झाकून प्रगती मैदानावरचं भारत मंडपम घ्या. 26 जुलै 2023 ला उद्घाटन झालं आणि सप्टेंबरमध्ये जी-20 ची शिखर परिषद तिथेच भरली. प्रगती मैदानाचा सगळा परिसर मिळून 123 एकर. दोन मोठी सभागृहं मिळून 7000 माणसं बसतात. दारातला अष्टधातूचा 27 फुटी नटराज पाहिला की पाहुणे तिथेच खूश होतात. मी तिथे एका औषध कंपनीचं संमेलन केलं होतं, अजून लोक फोटो पाठवतात.

पूर्वा_आर
मांडववाला दादा, त्यांची माणसं 350 आहेत. आणि तारीख वाचलीत का? प्रगती मैदानावर दरवर्षी 14 ते 27 नोव्हेंबर आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा असतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाचा तिथे स्टॉल होता. शनिवार-रविवारी मेट्रोतून उतरून गेटापर्यंत पोहोचायलाच पाऊण तास गेला. पाठीवर पापडाची पोती होती, खांदे आठवडाभर दुखत होते. त्या दिवसांत तिथे अधिवेशन घेऊच नका.

मांडववाला
गर्दी असली तरी खाली साडेपाच हजार गाड्यांचं पार्किंग आहे.

पूर्वा_आर
शिक्षक गाड्या घेऊन येणार आहेत का?

रूळ_ओलांडू_नका
यशोभूमी, द्वारकेतलं नवं अधिवेशन केंद्र. एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो थेट तिथपर्यंत जाते, स्टेशनचं नावच यशोभूमी द्वारका सेक्टर 25. टर्मिनल 3 वरून बसलात तर मध्ये फक्त द्वारका सेक्टर 21. 17 सप्टेंबर 2023 ला केंद्र आणि स्टेशन एकाच दिवशी सुरू झालं. मुख्य सभागृह 6000 आसनांचं असलं तरी वेगळ्या 13 बैठक-खोल्या आहेत, तुमचं काम त्यातच होईल. सांडपाणी शंभर टक्के पुन्हा वापरतात, पावसाचं पाणी साठवायची सोय आहे, छतावर सौर पॅनेल आहेत, आयजीबीसी म्हणजे हरित इमारत परिषदेचं प्लॅटिनम प्रमाणपत्र आहे. पाण्याच्या विषयाला यापेक्षा चांगली जागा कुठली?

श्वास_मोकळा
सगळे इमारतीबद्दल बोलताय, हवेचं काय? नोव्हेंबरच्या मध्यावर दिल्ली! गेल्या खेपेला मी तीन दिवसांसाठी गेलो आणि खोकला घेऊन आलो तो नाताळपर्यंत पुरला. प्रदूषण वाढलं की ग्रॅपचे, म्हणजे दिल्लीच्या प्रदूषण-निर्बंध योजनेचे, टप्पे लागू होतात. तिसऱ्या टप्प्यात बीएस-3 पेट्रोल आणि बीएस-4 डिझेलच्या, म्हणजे धुराच्या जुन्या मानकांच्या, चारचाकी बंद. डिझेल जनरेटरवरही बंधनं येतात. भाड्याची बस ठरवताना ती सीएनजी किंवा बीएस-6 आहे का ते लिहून घ्या, नाहीतर आदल्या रात्री फोन येतो की गाडी येणार नाही. आम्हाला तसाच आला होता. माझा सल्ला, फेब्रुवारीत घ्या.

नदीकाठ
फेब्रुवारीत बारावीची बोर्डाची परीक्षा असते, शक्य नाही. बसचं आणि जनरेटरचं लक्षात ठेवतो, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

सावली_हवी
नव्याच्या मागे कशाला? लोदी रोडचं इंडिया हॅबिटॅट सेंटर बघा. जोसेफ स्टाइन यांचं काम, 1993 पासून चालू आहे. अंगणांवर ऊन अडवणारं छत टांगलंय, त्यामुळे उन्हाळ्यातसुद्धा मधल्या चौकात बसवतं. प्रमाणपत्रांची चर्चा नव्हती तेव्हा बांधलेली इमारत आहे ही. स्टाइन ऑडिटोरियम चारशेच्या आसपास, म्हणजे तुमच्या मापाचं. मी तिथे सलग तीन परिसंवाद केलेत.

गीता_कु
मीपण यशोभूमीच म्हणेन. मेट्रो थेट आहे, प्लॅटिनम आहे.

हिशेबनीस
प्लॅटिनम, प्लॅटिनम काय चाललंय? प्रमाणपत्र इमारतीला मिळतं, तुमच्या कार्यक्रमाला नाही. कार्यक्रमासाठी आयएसओ 20121 हे वेगळं मानक आहे, 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी आलेलं. छोट्या संघटनेने ते घ्यावं असं मी म्हणत नाही, पण त्यातला प्रश्न स्वतःला विचारा : काय आणतोय, किती उरतंय, उरलेलं कुठे जातंय? प्लॅटिनम इमारतीतच एका संस्थेच्या परिषदेत मी माणशी चार-चार बाटल्या पाणी वाटलेलं पाहिलंय आणि अर्ध्या भरलेल्या बाटल्या कचऱ्यात गेलेल्या. मला तेव्हा फार वाईट वाटलं.
तेव्हा करार करताना तीन गोष्टी पक्क्या करा. पाण्याचे जार आणि स्टीलचे पेले. बॅनर कापडी, 1 जुलै 2022 पासून 100 मायक्रॉनखालचे प्लास्टिक-पीव्हीसी बॅनर, सजावटीचा थर्माकोल, प्लास्टिकच्या ताटल्या-चमचे सगळं देशभर बंद आहे. आणि जेवणाचा आकडा सकाळच्या हजेरीवरून. नोंदणी 350 ची असली तरी दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं कमी होतात.

मांडववाला
स्टीलचे पेले धुवायला पाणी लागतंच की. पाणी वाचवायचं असेल तर उसाच्या चिपाडाच्या ताटल्या घ्या.

हिशेबनीस
ताटली बनवायलाही पाणी लागतं, आणि ती ओल्या कचऱ्यातून खतापर्यंत पोहोचते की नाही हे तुम्ही कधी विचारलंय का? मी विचारलंय. केटररला माहीत नव्हतं.

रूळ_ओलांडू_नका
ताटल्यांवर भांडू नका, परिषदेचा सगळ्यात मोठा धूर प्रवासातून निघतो. विमान टाळा. पुण्याहून निजामुद्दीन दुरांतो आहे, मुंबईहून ऑगस्ट क्रांती राजधानी, दोन्ही निजामुद्दीनला जातात. आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडतं, 1 नोव्हेंबर 2024 पासून तसा नियम आहे. म्हणजे सप्टेंबरच्या मध्यावर सकाळी आठला सगळ्यांनी मोबाइल घेऊन बसायचं. दिवाळी आणि छठ दोन्हीची गर्दी असणार.

सावली_हवी
निजामुद्दीनहून लोदी रोड जवळ पडतो, यशोभूमी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. हा मुद्दा कुणी बघतच नाही.

परभणीकर
राहायला महाराष्ट्र सदन बघा. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या सदनात पिठलं-भाकरी खाल्ली, चार दिवसांनी घरचं जेवल्यासारखं वाटलं.

गीता_कु
जुनं कोपर्निकस मार्गावरचंच बरं वाटतं मला.

परभणीकर
जुन्यात मीही राहिलोय ताई, नवं खूप मोठं आहे. 350 जणांना खोल्या मात्र कुठेच मिळणार नाहीत.

काजवा
पहिल्यांदाच लिहितेय. विषय पाण्याचा आहे तर एक दिवस बंद खोलीबाहेर काढा ना. वजिराबादजवळ यमुना बायोडायव्हर्सिटी पार्क आहे. डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण) आणि दिल्ली विद्यापीठाने मिळून उजाड जमिनीवर पाणथळ आणि जंगल पुन्हा उभं केलंय. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते, हिवाळ्यात स्थलांतरित बदकं दिसतात. गटाने जायचं तर आधी कळवावं लागतं. माझ्या मुलांनी तिथे तासभर एक शब्दही काढला नाही.

मांडववाला
350 माणसं जंगलात नेणार? माझं ऐका, भारत मंडपमचा एक छोटा हॉल बघा निदान. बजेट थोडं वाढवा, 20 पर्यंत न्या.

नदीकाठ
मंडळी, खूप आभार. काल कार्यकारिणीची बैठक झाली. बहुतेकांचा कौल हॅबिटॅटला होता हे खरं, स्वतः मीही आधी तिकडेच झुकलो होतो. पण आम्ही यशोभूमी घेतोय, आणि सभागृह दोनाऐवजी एकच दिवस. 9 लाखांत तसंच बसतंय. आमचे बरेच शिक्षक किनवट, अक्कलकुवा, गडचिरोलीकडचे आहेत. देशातली नवी मोठी वास्तू स्वतःच्या पायांनी फिरून बघावी, तिचं सांडपाणी कुठून कुठे जातं ते वर्गात जाऊन मुलांना सांगावं, असं त्यांनी हात वर करून मागितलं. मला ते मोडवलं नाही.
दुसरा दिवस काजवाताईंच्या बागेत. पन्नास-पन्नासच्या गटांत, सीएनजी बसने. हवा फारच बिघडली तर ती फेरी रद्द करू, मास्क सोबत घेतोच आहोत. कापडी बॅनर आमच्या कलाशिक्षिका रंगवणार आहेत. काजवाताई, बागेत परवानगीसाठी पत्र कुणाच्या नावे लिहायचं ते सांगाल का?