‘वाड्यातली मंडळी’ ग्रुप : पॉल स्मिथचा तो फॉरवर्ड

आत्या दादर : दादा, सकाळी सहाला तो इंग्लंडच्या फॅशन डिझायनर पॉल स्मिथचा फॉरवर्ड तूच टाकलास ना? ‘15 व्या वर्षी शाळा सोडली आणि पुढे सर झाला.’ नातवाने मला चहाबरोबर वाचून दाखवला. बारावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय आणि हा म्हणतो, आजी, मला कपड्यांचं डिझाइनच करायचंय, मग फिजिक्स कशाला?

मोठे काका : अगं, चांगला वाटला म्हणून टाकला. त्यात खोटं काय आहे?

आत्या दादर : खोटं नाही, अर्धं आहे. त्याच्या बायकोचं नाव कुठंय?

भाऊ पुणे : सर्वांना सुप्रभात 🙏 रविवारच्या हॉलचे चौघांचे पैसे अजून आलेले नाहीत.

ताई नॉटिंगहॅम : काका, आत्या म्हणतेय ते खरंय. मी इथे राहते म्हणून सांगते. त्याचं गाव बीस्टन, आमच्या शहराला लागूनच. 1946 चा जन्म. वडील उधारीवर कापड विकायचे. मुलाला व्हायचं होतं सायकलपटू. शाळा सुटली तसं वडिलांनीच त्याला कपड्यांच्या गोदामात कामाला लावलं. 17 व्या वर्षी सायकलवरून जबर अपघात झाला, कित्येक महिने त्यात गेले, शर्यती संपल्या. हॉस्पिटलात ओळखी झालेल्या पोरांना भेटायला तो पबमध्ये जायला लागला, तिथे आर्ट कॉलेजची मुलं यायची. चित्रं, इमारती, डिझाइन हे सगळं त्याने पहिल्यांदा तिथे ऐकलं.

वहिनी ठाणे : हा पबचा भाग नातवाला दाखवू नका हं आत्या 😄

आत्या दादर : दाखवीन की. पण बायकोचं नाव कुठंय?

मोठे काका : वडिलांचं नाव आहे, गावाचं आहे, दुकानाचं आहे. किती लिहायचं माणसाने एका मेसेजमध्ये?

ताई नॉटिंगहॅम : तिचं नाव पॉलिन डेनियर. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फॅशन शिकलेली, नॉटिंगहॅमला शिकवायला यायची. 1970 साली बायर्ड लेनवर पहिलं दुकान निघालं ते तिच्या आग्रहाने. तीन मीटर बाय तीन मीटरची, खिडकी नसलेली खोली. उघडं फक्त शुक्रवार-शनिवार. बाकीचे दिवस तो मिळेल ते काम करून पैसे आणायचा, म्हणजे दुकानात मनासारखाच माल ठेवता यावा. शिवणाच्या संध्याकाळच्या वर्गालाही जायचा. पण कापड कसं बेतायचं, कोट अंगावर कसा बसला पाहिजे, हे तिच्याकडून शिकलो असं तो स्वतःच सांगत आलाय. सुरुवातीचे कपडे तिनेच डिझाइन केलेले.

भाऊ ठाणे : आणि दुकानाचा मॅनेजर कुत्रा होता म्हणे?

ताई नॉटिंगहॅम : हो, होमर नावाचा अफगाण हाउंड. स्मिथ त्याला गमतीने मॅनेजर म्हणायचा.

मोठे काका : होमर आहे फॉरवर्डमध्ये.

आत्या दादर : म्हणजे कुत्र्याचं नाव आहे.

आत्या दादर : कुत्र्याचं आहे, तिचं नाही.

वहिनी ठाणे : काका, आता काय बोलणार?

मोठे काका : बोलणार. दुकान चालवायला शिकलेली बायको असून भागत नाही. 1976 ला पॅरिसमध्ये हॉटेलच्या खोलीत पलंगावर कपडे मांडून गिऱ्हाइकाची वाट बघत कोण बसलं? दिवसच्या दिवस कोणी फिरकलं नाही, तरी उठला नाही. 1979 ला लंडनच्या फ्लोरल स्ट्रीटवर दुकान थाटलं, तेव्हा तो भाग नावारूपाला आलेला नव्हता. जपानमध्ये तर आज त्याची दुकानं इंग्लंडपेक्षा कितीतरी जास्त. ती जिद्द त्याची. त्याला मान द्यायचा नाही का?

आत्या दादर : जिद्दीला मान आहेच. मी त्याचे कोट फोटोत नीट बघितलेत. बाहेरून साधा निळा सूट, आत अस्तर भडक फुलांचं, बाहीवरचं एखादंच काज वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घातलेलं. ही गंमत ज्याला सुचली तो मोठाच. पण बाहेरचा साधेपणा बिनचूक शिवलेला असला तरच आतलं फूल शोभतं. बाही जोडतात तो मुंढा बिघडला तर अस्तराकडे कोण बघतो? तो मुंढा त्याला कोणी शिकवला, एवढंच विचारतेय मी.

भाऊ पुणे : हॉलचे पैसे. आता तिघांचे.

वहिनी ठाणे : आमचे परवाच पाठवलेत, नीट बघा. दर वेळी आमचंच नाव येतं.

भाऊ पुणे : मी कोणाचं नाव घेतलं का?

ताई नॉटिंगहॅम : ऐका ना. 2000 साली त्याला ‘सर’ किताब मिळाला, त्याच दिवशी दोघांनी लग्न केलं. तीस वर्षांहून जास्त एकत्र राहिल्यावर.

भाऊ ठाणे : एकाच हॉलमध्ये दोन कार्यं उरकली. भाऊ, शिका काहीतरी.

मोठे काका : आपल्या दादरच्या दुकानाच्या पाटीबद्दल बोलायचं असेल तर सरळ बोल. पाटी बाबांनी रंगवून घेतली होती, मी नाही.

आत्या दादर : बावीस वर्षं रात्री अकरापर्यंत काज-बटण केलं मी त्या दुकानाचं. पाटीचं मी आजवर बोलले का?

मोठे काका : आत्ता बोललीस.

आत्या दादर : हो. आत्ता बोलले.

नातू : आजी, मी वाचतोय सगळं. परीक्षेला बसणार आहे. पण सुट्टीत मला काज शिकवशील?

आत्या दादर : हातावरचं शिकवीन, ते मशीनच्या आधी यायला हवं. मशीनचा पट्टा तुटलाय तसाही. दादा, रविवारी येशील तेव्हा घेऊन ये, तुला नंबर माहीत आहे.

मोठे काका : आणतो.