विंडोज टाकताना हार्ड डिस्क मध्येच गायब होते, पार्टिशन उडवू का? डेटा महत्त्वाचा आहे

नारायणपेठकर

नमस्कार मंडळी. काकांचं नारायण पेठेत डीटीपीचं दुकान आहे, लग्नाच्या-मुंजीच्या पत्रिका, मंडळांचे अहवाल आणि एका दिवाळी अंकाचं पूर्ण लेआउट असली कामं. मशीन जुनं, चौथ्या जनरेशनचा आय३, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, त्यावर अजून विंडोज ७. हल्ली फाइल उघडायलाच खूप वेळ लागायला लागला, मधेच सगळं हँग, म्हणून म्हटलं सी ड्राइव्हवर विंडोज १० टाकून देऊ आणि डी ला हात लावायचा नाही. विंडोजचा पेन ड्राइव्ह रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने बनवला.

आधी मेसेज आला की या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, ईएफआय सिस्टिमवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर टाकता येतं (एमबीआर ही डिस्कच्या पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत, जीपीटी नवी). मग बूट मेनूत त्याच पेन ड्राइव्हची दुसरी एन्ट्री दिसत होती ती निवडली तर पुढे गेलं, सी फॉरमॅट केला नाही, तसंच नेक्स्ट केलं. फाइल कॉपी होताना अडकलं आणि ८००७०२५डी असा एरर. परत सुरू केलं तर लिस्टमध्ये डिस्कच नाही! बंद करून थोड्या वेळाने चालू केलं की परत दिसतीये. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) पण तेच, कधी दिसते कधी नाही.

शेजारच्या दुकानातला मुलगा म्हणतोय शिफ्ट एफ१० दाब, डिस्कपार्टमध्ये क्लीन मार (म्हणजे डिस्कवरची सगळी पार्टिशनं उडतात), जीपीटी कर, होईल सगळं. पण डी मध्ये काकांचं इतक्या वर्षांचं काम आहे आणि बॅकअप म्हणून जे काही आहे ते त्याच डिस्कवरच्या ई मध्ये. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची गर्दी सुरू होते, त्यामुळे काका जाम टेन्शनमध्ये आहेत. काय करू?

कोथरूड_गेमर

क्लीन मारून कन्व्हर्ट जीपीटी कर भाऊ, एमबीआरचा मेसेज लगेच जातो. डेटा आधी पेन ड्राइव्हवर काढून घे फक्त.

सोल्डरवाला

नारायणपेठकर, क्लीन अजिबात मारू नका. खरं म्हणजे मशीन आत्ता बंद करा आणि पुढचं वाचेपर्यंत चालू करू नका.

तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या गोष्टी चालल्यात आणि त्या एकच समजल्या की डेटा जातो. एमबीआरचा मेसेज हा बिघाड नाहीये. पेन ड्राइव्ह यूईएफआय (नव्या पद्धतीच्या बायोस) मोडमध्ये बूट झाला आणि डिस्क विंडोज ७ च्या जमान्यातली एमबीआर पद्धतीची आहे, म्हणून सेटअपने नकार दिला, बास. बूट मेनूत पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एक यूईएफआय असं पुढे लिहिलेला आणि एक नुसता, तुम्ही नुसता निवडला म्हणून पुढे गेलं. जीपीटीची गरज खरी कधी पडते तर डिस्क २ टीबीच्या वर असेल किंवा यूईएफआयनेच बूट करायचं असेल तेव्हा. तुमच्या १ टीबीला एमबीआर चालतं. आणि करायचंच झालं तरी विंडोज १० मध्ये १७०३ व्हर्जनपासून एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल आहे, ते डेटा न उडवता बदलतं. पण तेही आजारी डिस्कवर चालवायचं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ८००७०२५डी आणि डिस्क गायब होणं. तो एरर नुसता आला असता तर मी म्हटलं असतं पेन ड्राइव्ह परत बनवा, दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावा, रॅम तपासा, कारण वाचायला किंवा लिहायला जमत नाहीये एवढंच तो सांगतो, कुठून ते सांगत नाही. पण त्याच्या जोडीला डिस्क बायोसमधून गायब होतीये. बायोसमध्ये दिसत नाही म्हणजे विंडोजचा काही संबंधच उरला नाही. एक तर साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) किंवा पॉवरचा कनेक्टर सैल, नाहीतर डिस्क स्वतः. खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटासा कप्पा) आला की हार्ड डिस्क तोच भाग वाचायचा प्रयत्न करत बसते, बोर्ड वाट बघून कनेक्शन रिसेट करतो, आणि कधीकधी डिस्क उठतच नाही, थंड झाली की परत दिसते. फाइल उघडायला वेळ लागत होता ते याचंच लक्षण असू शकतं.

आता करायचं असं. कॅबिनेट उघडा, साटा केबल बदला, तापकीर गल्लीत स्वस्तात मिळते, बोर्डवरचा पोर्टही बदला. डिस्कजवळ कान न्या. टक-टक-टक असा लयीत आवाज येत असेल तर तिथेच थांबा, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या आणि कुणालाही उघडून बघू देऊ नका. आवाज नसेल तर उबंटूचा पेन ड्राइव्ह बनवा, ट्राय उबंटू निवडा म्हणजे काही इन्स्टॉल होत नाही, आणि डिस्क्स ॲपमध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, उघडा. मला तीन आकडे सांगा, ५ नंबर म्हणजे रीॲलोकेटेड सेक्टर (बदलून टाकलेले), १९७ म्हणजे करंट पेंडिंग (आत्ता वाचता न येणारे), आणि १९९ म्हणजे सीआरसी एरर (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका). डी, ई वर क्लिक करून फोल्डर उघडत बसू नका, नुसते आकडे.

वारजे_पूल

मध्येच घुसतोय, माझा प्रश्न जवळचाच आहे. बहिणीच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज परत टाकायचंय, बाराव्या जनरेशनचा प्रोसेसर, एनव्हीएमई एसएसडी. सेटअपमध्ये ड्राइव्हच दिसत नाही पण लॅपटॉपवरचं जुनं विंडोज मस्त चालतंय. हा पण डिस्कचा बिघाड का?

सोल्डरवाला

नाही हो, तुमची डिस्क ठणठणीत आहे, म्हणून तर विंडोज चालतंय. इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसला व्हीएमडी नावाचं सेटिंग चालू असतं. त्यामुळे एसएसडी थेट दिसत नाही, मध्ये इंटेलचा कंट्रोलर असतो आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपच्या पेन ड्राइव्हमध्ये बहुतेक वेळा नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा रॅपिड स्टोरेजचा (म्हणजे याच कंट्रोलरचा) ड्रायव्हर घ्या, एक्झी असेल तर ती एक्स्ट्रॅक्ट करून आतलं आयएनएफ असलेलं फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर दाबून ते दाखवा. एक्झी तशीच ठेवली तर सेटअपला काही कळत नाही.

लोक सांगतील व्हीएमडी बंदच करा. चालतं, लिनक्स टाकताना तर बऱ्याचदा तेच करतात, पण मग आत्ताचं विंडोज निळा स्क्रीन दाखवून पडू शकतं. आणि बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) ४८ आकडी रिकव्हरी की बहिणीच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर दिसतीये का ते बघून लिहून घ्या. नव्या लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, कुणाच्या लक्षातही नसतं, आणि सेटिंग बदललं की ते रिकव्हरी की मागतं. की नसेल तर आतला डेटा कुणीच काढू शकत नाही.

नारायणपेठकर

सोल्डरवाला, खूप आभार. केबल बदलली, पोर्ट बदलला. टक-टक नाहीये पण मधेच फिरणं मंदावल्यासारखा आवाज येतो. आकडे: ५ ला ९७६, १९७ ला १८४, १९९ ला शून्य. वरती मात्र डिस्क इज ओके लिहिलंय, सोबत काही बॅड सेक्टर्स असं. मग ओके धरायचं का? काका म्हणतायत चेकडिस्क लावून बघ, पूर्वी त्याने चालू झालं होतं.

हडपसर_टर्मिनल

मी सर्व्हर सांभाळते, असले आकडे नेहमी बघते, म्हणून लिहितेय. ओके धरू नका. १९९ शून्य आहे म्हणजे केबलवर संशय घ्यायचं कारण उरत नाही. १९७ ला १८४ म्हणजे तेवढे सेक्टर डिस्कला आत्ता वाचता येत नाहीयेत, आणि ५ चा आकडा सांगतो की आधीच शेकडो सेक्टर बदलून झालेत. ही डिस्क मरायला टेकली आहे. तिच्यावर कुठलंच विंडोज टाकायचं नाही, फॉरमॅट करूनही नाही.

काकांना सांगा चेकडिस्क नको. त्याचं काम फाइल सिस्टिम नीट करणं आहे, डेटा वाचवणं नाही. तो पूर्ण डिस्क वाचत बसतो, तुटक्या नोंदी काढून टाकतो आणि लिहितो पण. चांगल्या डिस्कवर ठीक, मरणाऱ्या डिस्कवर उरलेला जीव त्यातच जातो. नुसतं कॉपी-पेस्ट पण नको, एका खराब फाइलवर एक्सप्लोरर अडकून बसतो.

डीडीरेस्क्यू वापरा, खराब डिस्कची जमेल तेवढी हुबेहूब प्रत (इमेज) काढणारं टूल. एक मोठी एक्स्टर्नल डिस्क आणा, १ टीबीहून मोठीच, म्हणजे २ टीबी घ्या, कारण ते रिकाम्या जागेसकट अख्खी डिस्क उतरवतं, तुमचा डेटा १०० जीबी असला तरी. एक्स्टर्नल एनटीएफएस किंवा एक्सफॅट असू दे, फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. उबंटू लाइव्हमध्ये नेट जोडून जीडीडीरेस्क्यू पॅकेज टाका. कमांडमध्ये आधी जुनी डिस्क, मग इमेज फाइल, मग मॅपफाइल (कुठला भाग उतरला याची नोंद), हा क्रम तीनदा वाचा, उलटं झालं तर कोरं काहीतरी जुन्या डिस्कवर लिहिलं जाईल. कुठली डिस्क कुठली ते साइझ आणि सिरियल नंबर बघून ठरवा, अंदाजाने नाही. पहिल्या फेरीत हायफन एन द्या, म्हणजे चांगला भाग भराभर उतरतो आणि खराब जागा खरवडत बसत नाही. दुसऱ्या फेरीत हायफन डी (थेट डिस्कवरून वाचायला) आणि हायफन आर ३ (खराब जागा तीनदा परत वाचायला) देऊन त्याच मॅपफाइलवर परत चालवा.

मॅपफाइल एक्स्टर्नलवरच ठेवा, हे फार महत्त्वाचं. लाइव्ह उबंटूचा डेस्कटॉप रॅममध्ये असतो, लाईट गेली की मॅपफाइल पण गेली. एक्स्टर्नलवर असेल तर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. काम लांबू शकतं, गुरुवारी लाइट जात असेल तर त्या दिवशी सुरू करू नका किंवा यूपीएस लावा. आणि डिस्कवर छोटा पंखा सोडून ठेवा.

झालं की जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा. डिस्क्स ॲपमध्ये अटॅच डिस्क इमेज केलं की इमेज रीड-ओन्ली उघडते, त्यातून डी आणि ई कॉपी करून घ्या. सी विसरू नका! डीटीपीचं मशीन आहे म्हणजे श्रीलिपी किंवा तसलेच जुने नॉन-युनिकोड फाँट सी मधल्या विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये असणार. ते नसतील तर सगळ्या पत्रिका उघडतील पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. तुम्ही सी फॉरमॅट केला नव्हता हे नशीब. फॉरमॅट न करता सेटअप सुरू केला होता त्यामुळे ते विंडोज डॉट ओल्डमध्ये (सेटअप जुनं विंडोज हलवून ठेवतो त्या फोल्डरमध्ये) गेले असतील, तिथेही बघा.

कोथरूड_गेमर

मला डिस्क गायब होतीये हे लक्षातच नव्हतं आलं, नारायणपेठकर तुम्ही यांचंच ऐका. नवीन कुठली एसएसडी घेताय?

नारायणपेठकर

काल रात्री पहिली फेरी झाली. ९९.९ टक्क्यांच्या वर उतरलं. इमेज उघडली, डी पूर्ण दिसतोय, ई मधली दोन फोल्डर उघडत नाहीयेत, दुसरी फेरी चालू आहे. फाँट्स सापडले, विंडोज डॉट ओल्डमध्येच होते. काकांनी दिवाळी अंकाच्या फाइल्स स्वतः एकेक उघडून बघितल्या, पानं नीट आहेत. तुम्हा दोघांचे किती आभार मानू.

५०० जीबीची साटा एसएसडी घेतोय. टाकताना काही काळजी?

सोल्डरवाला

फार बरं वाटलं वाचून. एसएसडी टाकताना बाकी सगळ्या डिस्क काढून ठेवा, एक्स्टर्नल पण. दुसरी डिस्क जोडलेली असली तर विंडोजचा सेटअप बूटचा भाग कधीकधी तिच्यावर टाकतो, मग ती काढली की मशीन चालू होत नाही. कोऱ्या एसएसडीवर पार्टिशन बनवू नका, अनॲलोकेटेड जागा निवडून नेक्स्ट करा, यूईएफआयने बूट केलं असेल तर तो आपोआप जीपीटी करतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि चौथ्या जनरेशनला ११ अधिकृतपणे चालत नाही. डीटीपीचंच मशीन आहे तर त्याला नेट देऊ नका, गिऱ्हाइकांचे मेल आणि व्हॉट्सॲप दुसऱ्या मशीनवर ठेवा आणि फाइल स्कॅन करून पेन ड्राइव्हने आणा. २ टीबीची एक्स्टर्नल रिकामी करायची घाई करू नका, काकांचा सीझन निघेपर्यंत इमेज तशीच राहू दे.

हडपसर_टर्मिनल

ई मधली ती दोन फोल्डर दुसऱ्या फेरीनंतरही उघडली नाहीत तर इमेजची कॉपी करून तिच्यावर टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशनं आणि फाइल शोधणारं टूल) चालवा, मूळ इमेजवर नाही. अडलं तर स्क्रीनचा फोटो टाका इथे, मी संध्याकाळी असते.