आपली आवड हातातून निसटते ती नेमकी कुठे?

चित्र, अक्षर, नाटक, दागिना, काहीही करत असाल तर आपली आवड, म्हणजे काय चांगलं वाटतं याची स्वतःची निवड, टिकवायला प्रत्यक्षात काय करता ते लिहा. मापं आणि कृतीसकट. पुण्यातली ही चार उत्तरं.

जलरंग, कसबा पेठ
शनिवारवाड्याची तटबंदी खाली दगडाची, वर विटांची. विटा भडक रंगवल्या की चित्र चटकन नजरेत भरतं. मंद रंग आवडत असतील तर हा मोह पेटीतूनच काढावा लागतो. पॅलेटवर तीनच रंग ठेवा: अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा). पहिल्या दोनांतून दगडाचा करडा मिळतो. निळा वाढवला की थंड, तपकिरी वाढवला की ऊबदार. तयार काळा नकोच, सावली मेल्यासारखी दिसते. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून लावतानाच थोडा गडद घ्या. नाहीतर मागाहून धीर सुटतो, थरावर थर चढतात आणि रंग मळतो. कागद 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाड), सुती.

सुलेखन, कोथरूड
अक्षरात आवड म्हणजे बोरूचा कोन. 10 मिमी रुंद टोक ओळीशी 45 अंशांत धरलं तर शिरोरेषा आणि काना दोन्ही साधारण 7 मिमी जाड येतात. 30 अंशांत शिरोरेषा 5, काना जवळजवळ 9. मला बारीक शिरोरेषा आवडते, म्हणून 30च. दुसऱ्याचं सुंदर अक्षर पाहून लगेच लिहायला बसलं की ओळीच्या मध्यातच कोन सरकतो; कान्यांची जाडी पट्टीने मोजा, चोरी लगेच सापडते. कागदाच्या कोपऱ्यात कोनाची रेघ पेन्सिलीने आधीच आखून ठेवा.

मणीकाम, रविवार पेठ
बोहरी आळीत मणी घ्यायला मोकळ्या हाताने गेलात तर रचना दुकान ठरवतं. रंगाचा नमुना आणि आकडा घेऊन जा: 18 इंची माळेला 6 मिमीचे साधारण 76 मणी, 8 मिमीचे 57.

एकांकिका, सदाशिव पेठ
तालमीनंतर प्रत्येक जण उपाय सांगतो. वहीत दोन रकाने करा: ‘कुठे अडखळलं’ आणि ‘काय करा’. पहिला रकाना नेहमी खरा माना. दुसरा आठवडाभर झाकून ठेवा, कारण त्यात सांगणाऱ्याचं नाटक असतं, आपलं नसतं. तिघांनी एकाच पानावर बोट ठेवलं तर दोष बहुधा दोन-तीन पानं आधी असतो. तिथे माहिती द्यायची राहिलेली असते. आणि पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ ही घोषणा दणाणते, ते कॉलेजवरचं प्रेम असतं. त्यावरून संहितेतली एक ओळही बदलू नका. मधल्या शांततेत खुर्च्या करकरतात का, तेवढं ऐका.